मिशी काढलेला माणूस

दवाखान्यात न्हावी असतो हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. डॉक्टर आठवतो, सिस्टर आठवते, चहा आणून देणारा मामासुद्धा आठवतो. पण ऑपरेशनच्या आधी आपल्या अंगावरचे केस कुणी काढले, असं बऱ्या झालेल्या पेशंटला विचारा, तो कपाळाला आठ्या घालून बसेल. सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी नोकरीभर हेच काम केलं. पोट, छाती, मांडी, डोकं, जिथं डॉक्टरांची सुरी चालणार तिथं आधी माझा वस्तरा चालायचा. मी निवृत्त झाल्यावर ती जागा कुणी भरली नाही. आता वॉर्डातलंच कुणीतरी मशीन फिरवतं. मशीनचं काय, ते गवतसुद्धा कापतं.

हे काम सोपं वाटतं. सलूनमधलं गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसतं आणि आरशात आपल्यावर नजर ठेवतं. माझं गिऱ्हाईक आडवं असायचं, बहुतेक वेळा कण्हत किंवा बेशुद्ध. कातडीवर एक ओरखडा उमटला तरी जखम चिघळायची भीती, त्यामुळं हात पिसासारखा हलका लागतो. डोक्याला मार असेल तर सगळं डोकं साफ करायचं. आणि श्वासासाठी तोंडातून नळी घातली असेल तर दाढीबरोबर मिशीही काढायची, कारण ती नळी वरच्या ओठावर चिकटपट्टीनं बसवतात आणि केसांवर पट्टी धरत नाही. नळी निसटली तर माणूस गेला. मिशीपेक्षा श्वास मोठा, एवढं साधं गणित.

पण आमच्या भागात मिशी म्हणजे नुसते केस नव्हेत. माझे वडील कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात पिढीजात हेच काम करायचे. गावात कुणाचा बाप गेला की वडिलांना बोलावणं यायचं. ओढ्याच्या काठावर थोरल्या लेकाला बसवायचं, डोकं उतरवायचं आणि मग मिशी. बाप जिवंत असताना गडी मिशीला वस्तरा लावू देत नसे. त्यामुळं डोकं आणि मिशी गेलेला माणूस वाटेत दिसला की लोक काही न विचारता आवाज खाली आणायचे. याचा बाप गेलाय, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असायचं. रडणाऱ्या पोराच्या ओठावर वस्तरा चालवणारे वडील मी लहानपणी पाहिले आणि ठरवलं, धंदा हाच करीन पण हे काम करणार नाही. दवाखान्यात चिकटलो त्याला पगाराइतकंच हेही कारण होतं.

तरी मिशीनं पाठ सोडली नाही. एकदा साताऱ्याकडच्या एका ऊसवाल्या गावचा पैलवान जबडा मोडून आला. मी मिशीला साबण लावला आणि त्याचा बाप दारातून गरजला, “ए! मी जित्ता हाय अजून!” फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, आवाज परेडचा. मी म्हटलं, सुभेदारसाहेब, नळी घालायची आहे. तर म्हणाला, “नळी नाकातनं घाला, न्हाई तर कानातनं घाला. मी हितं हुबा आसताना पोराची मिशी उतरिवतोस व्हय रं?” शेवटी डॉक्टर हसले आणि त्यांनी खरोखरच नाकातून नळी घातली. पैलवान मिशीसकट बरा होऊन गेला. पुढं गुळाच्या हंगामात सुभेदारांनी मला एक ढेप आणून दिली आणि वर म्हणाले, “वस्तरा जरा जपून चालवत जा.”

कामात मला आणखी एक गोष्ट शिकवली ती साळुंखे सिस्टरांनी. अतिदक्षता विभाग त्यांच्याकडं होता. सुरुवातीला मी बेशुद्ध पेशंटच्या उशाशी उभा राहून, हा काही वाचत नाही असं बिनधास्त बोलायचो. त्यांनी मला बाहेर नेऊन झाडलं. म्हणाल्या, “शंकरराव, बेशुद्ध माणसापुढं जपून बोला. कान सगळ्यात शेवटी झोपतात.” तेव्हापासून मी पेशंटशी बोलतच काम करू लागलो. पाहुणं, मान इकडं घेतो बरं का. पाणी गार हाय, दचकू नका. वॉर्डातली पोरं मला हसायची. पण माझी श्रद्धा बसली होती की हे सगळं आत कुठंतरी पोचतंय.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

माझ्या नोकरीची अखेरची वर्षं चालू होती. कराडच्या बाजूनं एक ॲम्ब्युलन्स आली. हमरस्त्यावर गाडीनं उडवलेला माणूस, डोक्याला जबर मार. तिकडं एका दवाखान्यात पट्टी बांधून त्याला आमच्याकडं पाठवला होता, कारण डोक्याच्या ऑपरेशनची सोय आमच्याकडं होती. बरोबर कुणी नाही, खिशात काही नाही. कागदावर नाव होतं, अनोळखी पुरुष.

मी त्याच्यापाशी गेलो तेव्हा त्याचं धोतर कात्रीनं कापून काढलेलं होतं. अंगाला मेंढरांचा वास, पाय उन्हानं काळे. आमच्या गावाकडचा धनगर असणार हे कुणीही ओळखलं असतं. मी तसं सांगितलं, सिस्टरांनी ते पोलिसांना कळवलं. पण पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन बाहेर पडलेला धनगर, त्याचा पत्ता कोण सांगणार? आज या रानात, उद्या त्या.

त्याची मिशी मात्र झकास होती. गालांवरून कानाकडं वळलेली, तंबाखूनं मधोमध पिवळी पडलेली. मी त्याच्या कानाशी म्हणालो, “पाहुणं, मिशी लय देखणी हाय. पर नळी बसवायची हाय. परत यील.” डोकं साफ केलं, दाढी केली, मिशी काढली. खालचा ओठ रापलेला आणि वरचा पांढराफटक, कित्येक वर्षं ऊन न लागलेला. केस गोळा करून पिशवीत टाकले आणि हात धुतले.

त्याचं नाव मायाप्पा, हे मला नंतर कळलं. काय घडलं होतं तेही नंतर त्याचा धाकटा भाऊ धुळाप्पा याच्याकडून ऐकलं.

धनगरांची वाटचाल अशी असते. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढं जातात आणि मुक्कामाच्या रानात चूल मांडतात. गडी मागून मेंढरं चारत येतात. त्या दिवशी मायाप्पाची बायको हौसाबाई घोडी घेऊन पुढं गेली होती. मुलगा बिरा पुढच्या गावात, मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ते ठरवायला गेला होता. हमरस्ता ओलांडताना मायाप्पा आडवा हात करून गाड्या थोपवत होता, तेवढ्यात एक गाडी थांबली नाही. कळप उधळला. निम्मी मेंढरं रस्त्याच्या या अंगाला, निम्मी त्या अंगाला, मधून ट्रक धावतायत. ॲम्ब्युलन्स मात्र लवकर आली. आतल्या माणसानं विचारलं, “बरोबर कोण येतंय?”

धुळाप्पाच्या काखेत एक कोकरू होतं. तो म्हणाला, “तुमी फुडं न्या. मेंढरं गोळा करून आलोच मागनं.”

एवढीच चूक. पण धनगराला ती चूक वाटतच नाही. माणूस पडला तर त्याला उचलायला दुसरी माणसं येतात, मेंढरांना कोण आहे? शिवाय सरकारी गाडी, ती काय भावाला हरवणार आहे? गाडीवर सातारा लिहिलं होतं म्हणे, ते रस्त्याकडेच्या टपरीवाल्यानं वाचून दाखवलं. म्हणून ही माणसं आधी साताऱ्याला गेली.

साताऱ्यात सरकारी दवाखाना झाला, खाजगी झाले. दारोदार एकच वर्णन, “पटकं बांधल्यालं, मोठ्या मिशीचं माणूस आलंय का वं?” पटका तर रस्त्यावरच राहिला होता आणि मिशी मी पिशवीत टाकली होती. असा माणूस कुठंच नव्हता. परत फिरून कराडकडं आले. तिथं पहिल्या दवाखान्याचा पत्ता लागला, पण ड्युटी बदललेली, नवा माणूस म्हणाला, पुढं पाठवलाय, सांगली असेल नाहीतर कोल्हापूर. तेव्हा त्यांनी वाटणी केली. मुलगा मेंढरांपाशी राहिला, कारण कुणीतरी राहायलाच हवं. धुळाप्पा कोल्हापूरला गेला. आणि हौसाबाई एकटी सांगलीला आली.

तिला वाचता येत नव्हतं. फोन होता तो दिराकडं. पण जिल्हेच्या जिल्हे पायाखाली घातलेली बाई, तिला सांगलीची काय भीती? स्टँडवरून विचारत विचारत बरोबर आमच्या दवाखान्यात आली, बरोबर अतिदक्षता विभागाच्या दारात. एवढं सगळं तिनं बरोबर केलं.

मी तेव्हा ऑपरेशनच्या वॉर्डात होतो. तासाभरानं दुसऱ्या एका पेशंटसाठी अतिदक्षतामध्ये गेलो, तर त्या अनोळखी माणसाच्या खाटेच्या पायथ्याच्या दांडीवर पिवळी बोटं उमटलेली दिसली. भंडारा. देवाची हळद, धनगरांच्या कनवटीला कायम असते ती. मी साळुंखे सिस्टरांना विचारलं, हे कुणी लावलं?

त्या म्हणाल्या, “एक धनगरीण आली होती, नवऱ्याला शोधत. ह्यालाच दाखवला. बिचारी पदर घेऊन पायथ्याशी उभी राहिली, बघितलं आणि म्हणाली, न्हाई बया, ह्ये सुतकातलं माणूस हाय. ह्येचा बा मेलाय. आमच्या मालकाचा बा लग्नाआदीच गेला. आमचं न्हवं ह्ये.”

मी वळून खाटेवरच्या माणसाच्या ओठाकडं बघितलं.

सिस्टर पुढं सांगत होत्या. “जाताना भंडारा लावला. म्हणाली, कुणाचं लेकरू हाय कुणास ठावं, ह्येच्या घरची बी आशीच हुडकत आसतील.”

“सिस्टर,” मी म्हणालो, “मिशी मी काढली की!”

त्यांच्या हातातला ट्रे तसाच राहिला. त्यांना तरी कसं सुचावं? आम्हाला रोज असली तुळतुळीत डोकी बघायची सवय. नळी घातलेल्या माणसाला मिशी नसते, यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटेल? आणि त्या बाईनं तरी काय ओळखावं? चेहरा सुजून भोपळा झालेला, डोळ्यांभोवती काळंनिळं, निम्मं तोंड पट्ट्यांत. अंग, पाय पांघरुणात. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा वरचा ओठ तिनं कधी पाहिलेला नव्हता. परक्या पुरुषाकडं निरखून बघायची रीत नाही. तिनं मिशी नाही एवढंच बघितलं, आणि आमच्या गावाकडं त्याचा जो अर्थ होतो तो लावला.

मी तसाच धावलो. फाटकावर नाही, चहाच्या गाड्यांपाशी नाही. रिक्षा करून स्टँडवर गेलो. तिथं सिस्टरांनी सांगितलेल्या खुणांवरून, हिरव्या लुगड्यातली, कपाळभर कुंकवाची बाई पाहिली का म्हणून विचारत सुटलो. कराडच्या गाडीत बसून गेली, असं शेंगावाल्या बाईनं सांगितलं. त्या स्टँडवर मी मटकन बाकावर बसलो. वडिलांच्या वस्तऱ्याला भिऊन पळालेला मी. माझ्या हातानं एका जिवंत माणसाला त्याच्याच बायकोपासून लपवलं होतं. यात माझा दोष नव्हता हे तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. त्यानं जळजळ कमी होत नाही.

आता त्यांना गाठायचं कसं? धनगरांचा मुक्काम कळायचा तर रानमालकांकडून कळतो, आणि गावातल्या रानांची खबर सगळ्यात आधी न्हाव्याच्या खुर्चीत येते. माझा मावसभाऊ तिकडंच हमरस्त्यावरच्या एका गावात सलून चालवतो. त्याला फोन केला, बाई बघून परत गेली एवढं सोडून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “गाडीनं उडिवल्यालं ते? आरं, त्येंची मेंढरं हितनं हालून फुडच्या गावाला गेल्यात. थांब, बघतो.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. पोरगा सापडला होता, त्याच्याकडून बापाचं नाव कळलं होतं, आई पोचली होती, चुलता कोल्हापूरहून हात हलवत परत आला होता. एका शेजारच्या कळपवाल्याकडं मेंढरं सोपवून तिघंही सकाळच्या पहिल्या गाडीनं निघणार होती.

मी अतिदक्षतामध्ये गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं. सिस्टरांनी नुसतं बघितलं आणि बाजूला झाल्या. मी त्याच्या कानाशी वाकलो. त्याच्या ओठावर काळे-पांढरे खुंट उगवायला लागले होते. म्हणालो, “मायाप्पा, तुमची माणसं सापडल्यात. निघाल्यात. मेंढरं बी सगळी गोळा झाल्यात. आता दम धरा, गड्या.”

त्या खाटेवर आल्यापासून त्याचं नाव घेऊन त्याला कुणीतरी पहिल्यांदाच हाक मारत होतं. बोट हललं, पापणी लवली, असं काही झालं नाही. तसलं कथेत होतं.

सकाळी ती पोचायच्या आधीच तो गेला.

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. अपघाताची केस, त्यामुळं पोलीस आले, शवविच्छेदन झालं. पोटरीवर कुत्रं चावल्याची जुनी खूण होती, तिच्यावरून धुळाप्पानं भावाला ओळखलं आणि भिंतीला डोकं टेकून म्हणाला, “मी गाडीत बसाय पायजे हुतं. मेंढरं काय, गावली आसती.” हौसाबाई बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून होती. तिला चेहरा दाखवायचा का, यावर त्यांचं कुजबुजणं झालं. आधीच सुजलेला, त्यात डोकं उघडून शिवलेलं. धुळाप्पानं हात जोडले, “वैनी, बघू नगा. आमच्या ध्यानात हाय तसंच ऱ्हाऊ द्या.” ती मानेनंच हो म्हणाली. आदल्या वेळी तिनं काय बघितलं होतं, हे फक्त मला आणि सिस्टरांना ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

गावी न्यायच्या अवस्थेत देह राहिला नव्हता, म्हणून कृष्णेच्या काठावरच करायचं ठरलं. बायका घाटावर येत नाहीत, पण परक्या शहरात तिला ठेवायचं कुठं? ती येऊन वरच्या पायरीवर बसली. आणि धुळाप्पा माझ्यापाशी आला. “दादा, तुमी आमच्याच मुलखाचं. पोराचं तुमीच करा.”

नाही म्हणायला जागाच नव्हती. बिराला खालच्या पायरीवर बसवला. विशी-बाविशीचा पोरगा, बापासारखीच वळायला लागलेली मिशी. मी त्याची हनुवटी धरून मान वर केली. डोकं झालं, मग मिशी. माझे वडील ज्या जागी उभे असायचे त्याच जागी मी शेवटी येऊन उभा राहिलो होतो.

बिरानं नदीत बुडी मारली आणि चितेवर टाकायला भंडारा घ्यायला ओलेत्यानं आईपाशी वर गेला. मी वस्तरा पुसत मागोमाग चढलो. तिनं कनवटीची पिशवी सोडली, वर बघितलं आणि हात तसाच थांबला. पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. तुळतुळीत डोकं, रापलेला खालचा ओठ, पांढराफटक वरचा. मला कळलं की तिला कळतंय. मधे पडावं, पोराला पुढं ढकलावं असं वाटलं, पण तेवढ्यात ती माझ्याकडं वळली.

“आवं दादा,” ती मला म्हणाली, “त्या खोलीत नळी घातल्यालं एक माणूस हुतं. सुतकातलं.”

मी वस्तरा मिटला.

“त्येच हुतं न्हवं?”

तिच्या समोर पोराचा चेहरा होता. खोटं बोलून काय उपयोग? “व्हय,” मी म्हणालो.

ती रडली नाही. पिशवीतून भंडारा काढून पोराच्या ओंजळीत घातला, त्याला जायला खूण केली. तो खाली उतरल्यावर म्हणाली, “मी न्हाई म्हटलं. त्येंच्याम्होरं हुबी ऱ्हाऊन आमचं न्हवं म्हटलं.” मग पदर तोंडात धरून, अगदी बारीक आवाजात, “त्येनी आयकलं आसंल का वं?”

आयुष्यभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून मी बेशुद्ध माणसांशी बोलत आलो, तीच गोष्ट ती विचारत होती.

“न्हाई,” मी म्हणालो. “त्येंला काय बी ऐकू येत न्हवतं.”

“खरं?”

“खरं. मी रोज बघतो की.”

तिनं मान हलवली. “भंडारा तेवढा लावला हुता,” ती म्हणाली. “परक्याचा म्हणून.”

राख सावडून ती तिघं मेंढरांकडं गेली, नंतर कधी भेटली नाहीत. मी तिला जे सांगितलं ते तिला पटलं की नाही, देव जाणे. मला मात्र ते पटवून घ्यावं लागलं. तिचं बोलणं त्याच्या कानावर गेलं नाही म्हटल्यावर माझंही गेलेलं नाही. तुमची माणसं सापडल्यात, निघाल्यात, हे त्यानं ऐकलेलं नाही. आपल्याला कुणी शोधतंय हे कळल्यावाचूनच तो गेला.